कपाटातल्या बाटल्या, रंगपंचमीच्या आधी

पत्र आलंय इंदूरच्या सुदामा नगरहून, थोडं छोटं करून देते.

"मावशी, नमस्कार. माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत. पाच महिने झाले पीत नाहीत, डॉक्टरांची गोळी चालू आहे, त्याआधी सतरा-अठरा वर्षं रोजचं होतं. पण घरात बाटल्या अजून तशाच आहेत. दिवाळीत आलेल्या चार व्हिस्की (दोन पॅक, दोन उघडलेल्या), दुबईच्या भाऊजींनी आणलेली एक खूप महागाची, महूच्या मित्राने दिलेली फौजेच्या कॅन्टीनची रम, नाशिकच्या दोन वाइन, सहा बिअरचे कॅन, आणि झाबुआहून कुणीतरी आणलेली प्लास्टिकच्या बाटलीतली महुआची (मोहाच्या फुलांची) दारू. सासूबाईंची ब्रँडी वेगळी. हे म्हणतात राहू दे, पाहुण्यांना लागतं, एवढे पैसे नाल्यात ओतणार का. सासूबाई म्हणतात ब्रँडीला हात लावू नको. नणंद बडोद्याला असते, तिचे मिस्टर म्हणाले होळीला येतोय, गाडीत घालून नेऊ. मुलगा बारावीला आहे. मी रात्री दोनदा उठून कपाट बघते, बाटल्या मोजते. काय करू? ड्रेनेजमध्ये ओतलं तर चालतं का? आणि रिकाम्या बाटल्या कचरागाडीत दिल्या तर सगळी गल्ली बघेल."

अगं, सगळ्यात आधी हे, पाच महिने म्हणजे खूप झाले. सतरा वर्षांनंतर पाच महिने ज्याने काढले त्या माणसाला माझा नमस्कार सांग, आणि रात्री उठून बाटल्या मोजणाऱ्या तुलाही. आता उत्तर, एका वाक्यात हवं असेल तर: ओत, सगळ्या ओत, ब्रँडीसकट, रंगपंचमीच्या आधी, आणि त्यांना सांगून ओत. बाकी सगळं ह्याच्याच भोवती आहे.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतेय ते सांगते. आमचा मोठा दादा रामबागेतल्या जुन्या घरात असताना सुटला होता, सात महिने एक थेंब नाही. घरातल्या सगळ्या बाटल्या आम्ही तेव्हाच काढल्या होत्या, फक्त औषधांच्या कपाटात मागच्या बाजूला अर्धी ब्रँडी राहिली, आईने सर्दी-पडशासाठी ठेवलेली, आमच्या कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं ते दारू आहे म्हणून. बाबांना हॉस्पिटलात ठेवलं त्या रात्री दादा घरी एकटा आला आणि ती संपली. त्यानंतर परत थांबायला त्याला दोन वर्षं लागली. पुढे बऱ्याच वर्षांनी तो मला म्हणाला, मला त्या रात्री ती सापडली असं तुम्हाला वाटतं पण तसं नाहीये, ती तिथे आहे हे मला सातही महिने रोज माहीत होतं, रोज सकाळी दात घासताना मी त्या कपाटाकडे न बघता जायचो.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्याला वाटतं बाटली कपाटात गपचूप पडलीय, कुणाला काय त्रास देतेय. पण ज्याने सोडलीय त्याला ती रोज नाकारावी लागते, सकाळी एकदा, संध्याकाळी सातला एकदा, झोपताना एकदा. मेंदू वर्षानुवर्षं शिकलेला असतो की ही बाटली, हा ग्लास, ही वेळ, ही खुर्ची म्हणजे आता मिळणार, त्यामुळे नुसतं दिसलं, नुसता वास आला तरी तलफ उठते, त्याला इच्छाशक्ती कमी आहे असं म्हणायचं कारण नाही, शरीर तसं चालतं. तू रात्री दोनदा मोजतेस ना, ते किती वेळा मोजत असतील विचार कर.

आता पैशाचं. तुझे मिस्टर म्हणतात एवढे पैसे ओतायचे का. पैसे ज्या दिवशी दुकानात दिले त्या दिवशीच गेले, बाटली ठेवल्याने ते परत येत नाहीत. विकता येत नाही हे पण सांगून ठेवते कारण हल्ली लोक सोसायटीच्या ग्रुपवर सहज टाकतात "सीलपॅक आहे, कुणाला हवी का", तर लायसन्स नसताना दारू विकणं हा मध्यप्रदेशच्या आबकारी कायद्यात, जो १९१५ चा आहे, सरळ गुन्हा आहे, एक बाटली असली तरी. घरात किती ठेवायची याला पण मर्यादा आहे, २०२२ च्या धोरणात ती चौपट केली हे खरं, पण मर्यादा आहेच. आणि कॅन्टीनची रम तर फौजेच्या लोकांसाठी कमी दरात मिळते, लेबलवरच लिहिलेलं असतं फक्त डिफेन्ससाठी, ती इकडून तिकडे फिरवायला जाऊ नकोस, तुझ्या महूच्या मित्राला उगीच अडचण.

बडोद्याचं ऐकून तर माझ्या पोटात गोळा आला. नणंदेच्या मिस्टरांना आजच फोन करून सांग की नाही म्हणजे नाही. गुजरात वेगळं राज्य झालं १९६० मध्ये तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे, कायदा तर त्याच्याही आधीचा, मुंबई राज्याचा १९४९ चा. पिटोलची बॉर्डर ओलांडून दाहोदच्या बाजूला गेलात की तुमच्या डिकीतली ती दिवाळीची भेट नसते, तो माल असतो, आणि माणूस, गाडी दोन्ही अडकतात. गाडीत तुझी नणंद आणि मुलं असतील. भेट म्हणून द्यायची होती हे तिथे कोण ऐकणार आहे.

मग कुणाला द्यायची का? मनापासून विचारशील तर मी म्हणेन नको, पण एक सूट देते. जी पॅक आहे, सील तुटलेलं नाही, लेबल नीट आहे, अशी बाटली ज्याने दिली त्याला किंवा ज्याला पिण्याचा त्रास नाही अशा मोठ्या माणसाला परत करता येईल, पण दोन अटी, एक म्हणजे दोन दिवसांच्या आत घराबाहेर गेली पाहिजे, भाऊजी जूनमध्ये येतील तेव्हा देऊ असं नाही, आणि दुसरं म्हणजे ती तुझ्या घरी, तुझ्या गच्चीवर उघडायची नाही. न्यायला येणारा माणूस दारातून घेऊन जाईल. हे जमत नसेल तर भाऊजींची महागाची सुद्धा ओत, आणि भाऊजींना खरं सांग, ते रागावणार नाहीत, आणि रागावले तरी चालेल.

कामवाल्या बाईंना, वॉचमनला, गाडी धुणाऱ्या मुलाला अजिबात देऊ नकोस. मला माहितीये मनात काय येतं, फेकण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी येईल. पण त्या घरातही कुणीतरी बायको आहे जी रात्री उठून बघते. आपल्या घरातून काढलेलं दुखणं दुसऱ्याच्या घरात पाठवायचं नाही.

महुआची जी प्लास्टिकची बाटली आहे ती सगळ्यात आधी. आदिवासी भागात महुआ घरोघरी गाळतात, त्यांच्या पूजेत, लग्नात तिला मान आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाहीये, पण तुझ्या कपाटात आहे ती कुणी गाळली, त्यात वाटेत काय मिसळलं, कुणालाच माहीत नाही. बिनलेबलच्या दारूत मिथेनॉल असेल तर ते वासाने चवीने ओळखू येत नाही, आणि १० मिली इतक्याने डोळे जाऊ शकतात, ३० मिलीने जीव. म्हणून चाखून बघू, कुणाला देऊन बघू असं काही नाही, झाकण उघडून सरळ ओतायची.

आता सासूबाई. आजींचा मान ठेवूनच सांगायचं पण सांगायचं. ब्रँडीने थंडी जाते असं वाटतं कारण कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि अंग गरम लागतं, प्रत्यक्षात शरीरातली उष्णता त्यामुळे बाहेर जाते. लहान मुलांच्या छातीला ब्रँडी चोळतात, चमच्याने देतात, ते तर कधीच करू नये, लहान मुलांच्या रक्तातली साखर त्याने पटकन खाली येते. नातवंडं सुट्टीत येतात ना तुमच्याकडे? हे त्यांना सांग, नातवंडांचं नाव काढलं की आजी ऐकतात, माझ्या आईने असंच ऐकलं शेवटी. सुंठ, गवती चहा, ओव्याची पुरचुंडी, हे सगळं तुमच्या घरात असणारच. आणि त्यांना एकदा जवळ बसवून हे पण सांग की आई, ही बाटली तुमच्या खोलीत आहे हे तुमच्या मुलाला रोज आठवतं.

तू लिहिलंस गोळी चालू आहे. कुठली ते लिहिलं नाहीस, म्हणून सांगते, डायसल्फिराम असेल तर फार जपायचं आहे. ही गोळी शरीरात दारू मोडण्याच्या वाटेत आडवी येते, मग थोडीशी दारू गेली तरी चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली असं होतं, जीवावरही बेतू शकतं. शेवटची गोळी घेतल्यानंतर सुद्धा जवळजवळ दोन आठवडे हा परिणाम राहू शकतो. म्हणून बाटल्या ओतताना ते स्वतः बाथरूममध्ये वाकून ओतत बसणार नाहीत, वाफ सुद्धा नको, दारात उभे राहू देत. आणि "मग रम केकमध्ये घालून संपवू", "वाइन ग्रेव्हीत घालू" हे पण नको, स्वैपाकात सगळी दारू उडून जाते ही समजूत चुकीची आहे, १५ मिनिटं शिजवलं तरी साधारण ४० टक्के राहते, तासभर उकळलं तरी चौथा हिस्सा राहतो. अडीच तास उकळलं तर ५ टक्क्यांवर येते, आणि अडीच तास कोण उकळतंय.

ह्यातच आणखी एक, जे आपल्या मराठी घरात हमखास राहून जातं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारी आसव, ही सगळी आंबवून केलेली असतात आणि त्यात आपोआप तयार झालेली दारू असते, साधारण ५ ते १० टक्के, म्हणजे बिअरइतकी किंवा जास्तच. होमिओपॅथीचे मदर टिंक्चर, काही खोकल्याची औषधं, माउथवॉश, आफ्टरशेव्ह, ह्यात पण असते. ती सगळी फेक म्हणत नाहीये मी, तुझं किंवा आजींचं औषध असेल तर ते तुमच्या कपाटात कुलपात ठेव आणि त्यांच्या डॉक्टरांना यादी दाखव. दादाच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि कुणी नातेवाईक सल्ला देईल की परत सुरू केलीच तर गोळी गुपचूप भाजीत मिसळत जा. नको. ज्याला माहीत नाही तो वरून पिणार आणि मग काय होतं ते वर लिहिलंय.

आता ओतायचं कसं, कारण तू ते विचारलंस आणि लोक इथेच घाई करतात.

ड्रेनेजमध्ये चालतं. घरातल्या ह्या एवढ्या बाटल्या, भरपूर पाण्याबरोबर, ड्रेनेज लाइनीत गेल्या तर काही बिघडत नाही, ते पाणी शेवटी ट्रीटमेंट प्लांटला जातं. इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर म्हणून जाहीर केलं ते त्याच्याचसाठी, सांडपाणी साफ केल्याशिवाय कान्ह आणि सरस्वती नद्यांत सोडायचं नाही. म्हणून रस्त्याकडेच्या पावसाच्या नालीत, मागच्या नाल्यात, झाडाच्या आळ्यात ओतू नकोस, फक्त घरातल्या ड्रेनेजमध्ये. बायपासकडच्या टाउनशिपमध्ये ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांनी मात्र एकाच दिवशी सगळं ओतू नये, टाकीतले जे जिवाणू मैला कुजवतात त्यांना एकदम जास्त दारू सोसत नाही, त्यांनी रोज एक बाटली करावी. सुदामा नगरला तुमची लाइन ड्रेनेजला जोडलेली असेल तर एका दिवसात उरक.

स्वैपाकघरात ओतू नकोस. तिथे गॅस आहे. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के दारू असते, आणि एवढ्या दारूची वाफ २६ डिग्रीच्या आसपास सुद्धा पेट घेऊ शकते, इंदूरच्या मार्चमधलं दुपारचं बाथरूम तेवढं तापलेलंच असतं. बाथरूममध्ये ओत, गॅस गीझर असेल तर तो बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्ट आधीपासून चालू करून ठेव, उदबत्ती-दिवा जवळ नको, आणि कुणी त्या वेळी विडी-सिगरेट घेऊन दारात येऊन उभं राहायचं नाही. अर्धी बादली पाणी घे, साधारण सात-आठ लिटर, त्यात एक बाटली रिकामी कर, म्हणजे ते बिअरपेक्षा पातळ होतं, मग ते ओत आणि वर एक बादली साधं पाणी. सगळ्यांसाठी हेच. आधी पाणी, मग दारू, हे लक्षात ठेव, बाटली सरळ मोरीत पालथी घातली की वास तासभर घरात घुमत राहतो आणि नेमका तोच वास त्यांच्या नाकात जायला नकोय. बिअर सावकाश ओत, फेस येतो. वाइनला काही नाही, उघडलेली असेल तर एव्हाना आंबूनच गेली असेल, चार-पाच दिवसांत ती व्हिनेगरकडे जायला लागते. तुला कुणी म्हणेल व्हिनेगर कर, तर ते व्हिस्कीचं होतच नाही, इतक्या दारूत ते जिवाणू जगत नाहीत, आणि वाइनचं होतं पण महिनाभर उघडी बरणी वास मारत घरात ठेवायची आहे का तुला? व्हिस्की-रमने सॅनिटायझर पण होत नाही, त्याला निदान ६० टक्के तरी लागते. जखमेवर पण लावायची नाही.

वेळ कुठली निवडायची ते पण सांगते. संध्याकाळी सात ते नऊ नको, ती त्यांची वेळ होती. सकाळी कर, पोहे-जिलेबी खाऊन झाल्यावर, पोट भरलेलं असताना, मुलगा पेपरला गेलेला असेल तेव्हा. (किंवा मुलाला पण बोलव. मी बोलावलं असतं. १७-१८ वर्षाच्या मुलाला सगळं कळत असतं आणि त्याच्यापासून लपवल्यासारखं केलं की त्याला जास्त लागतं. पण परीक्षेचा दिवस असेल तर नको, ते तू ठरव.)

त्यांना सांगून ओत असं मी का म्हणते, तर ते पाच महिने कमावलेलं आहे, ते त्यांचं आहे. तू चोरून ओतलंस तर त्यांना वाटेल माझ्यावर विश्वास नाही, मग भांडण बाटलीवरून राहत नाही. अशा वेळी हे म्हणून बघ: "तुम्ही पिणार नाही हे मला माहितीये, पण मला झोप येत नाही, माझ्यासाठी काढू या." हे खरंच आहे की, तूच लिहिलंयस. त्यांना पाहुण्यांचं नाव काढावं लागतंय म्हणजे ती बाटली जवळ असावी असं अजून कुठेतरी वाटतंय, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळ्यांना वाटतं, दादालाही वाटायचं. अगदीच नाही म्हणाले तर त्यांच्या डॉक्टरांसमोर हा विषय काढ, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करून. तोपर्यंत बाटल्या एखाद्या विश्वासाच्या शेजाऱ्याकडे, किल्ली पण त्या शेजाऱ्याकडेच, आठवडाभरासाठी, त्याच्यापुढे नाही.

इथे मधेच दुसऱ्या बायकांसाठी लिहिते, कारण मला माहितीये हे वाचून कुणीतरी आज रात्रीच उठून सगळं ओतायला जाईल. तुमच्या घरातला माणूस अजून रोज पीत असेल, सकाळी हात थरथरतात, घेतल्याशिवाय चैन पडत नाही अशा अवस्थेत असेल, तर एकदम सगळं ओतून त्याला कोंडू नका. रोजची दारू अचानक बंद झाली की सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, घाम सुटतो, आणि त्यात माणसं दगावतात. हे हॉस्पिटलचं काम आहे, घरचं नाही. आधी डॉक्टर, मग बाटल्या. एम. वाय. हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे आणि १४४१६ टेली मानसचा, मनाच्या त्रासासाठी, तिथे घरच्या माणसाने फोन केला तरी चालतो. तुमचं नाव विचारलं जाईल ह्या भीतीने थांबू नका.

परत सुदामा नगरला येते. रिकाम्या बाटल्या. अगं, गल्ली बघेल तर बघू दे असं मी म्हणू शकते पण मला माहितीये आपल्याकडे सासूबाईंना समोरच्या काकूंच्या तोंडावर पडायचं नसतं. बाटली आतून दोनदा पाण्याने धू म्हणजे वास जातो, लेबल कोमट पाण्यात भिजवून सोलून काढ, झाकण वेगळं कर आणि त्याचा आकार पक्कडीने चेपून टाक. हे नुसतं लाजेसाठी नाही, महागड्या ब्रँडच्या अख्ख्या बाटल्या झाकण-खोक्यासकट घेऊन त्यात नकली माल भरणारे लोक असतात, आपली बाटली त्यांच्या हातात जायला नको. मग ती साधी काच झाली, सुक्या कचऱ्यात दे नाहीतर अटालेवाल्याला (भंगारवाल्याला), पण एकाच्याच गळ्यात सगळ्या घालू नकोस, दोन-तीन वेळा मिळून. काच फुटली तर कागदात घट्ट गुंडाळून गाडीवरच्या भाऊंना सांगून हातात दे, ते लोक हाताने निवडतात. आठ वर्षं आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो ते ह्यांच्या हातांमुळे.

बाटल्यांबरोबर अजून काय काढायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि कुणी सांगत नाही. ते जाड बुडाचे ग्लास. पेग मोजायचं माप. बर्फाची बादली, ओपनर, सोड्याच्या बाटल्या. गच्चीवर ते ज्या खुर्चीत बसायचे ती खुर्ची निदान जागा बदलून ठेव. आणि कपाट नुसतं रिकामं ठेवू नकोस, साबणाच्या पाण्याने आतून पूस, सांडलेल्याचा वास लाकडात बसतो, दोन दिवस उघडं ठेवून ऊन दे, मग त्यात लोणच्याच्या बरण्या, मुलाची पुस्तकं, काहीही ठेव. दादाच्या कपाटात आम्ही आईची कुंकवाची, हळदीची डबी ठेवली होती आणि देवाचे फोटो, आजही तसंच आहे.

संध्याकाळच्या त्या दोन तासांचं काहीतरी कर. सोडल्यावर ह्या वेळेला भूक, राग, एकटेपणा, थकवा ह्यापैकी काहीतरी डोकं वर काढतं आणि तलफ त्याच्याच पाठोपाठ येते, त्यातल्या त्यात गोड खावंसं खूप वाटतं, ते खाऊ दे (शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून). सहाच्या सुमारास पोटभर काहीतरी दे. आठवड्यातून एक-दोनदा रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत घेऊन जा, भुट्ट्याचा कीस खा, चालत फिरा, तिथे अकरा-बारा वाजेपर्यंत गर्दी असते आणि सगळी खाणारी. सानंद संस्थेचं मराठी नाटक असेल तर ते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा इंदूरला होतात, ते गेले नसतील तर एकदा जाऊन बघायला सांग, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही, दादाला तिथल्या माणसांनी धरून ठेवलं, आम्ही नाही.

राहिली रंगपंचमी. गेर (रंगाची मिरवणूक) बघून झाली की त्यांचे मित्र येणार, आणि तुला माहीतच आहे १ एप्रिल २०२३ पासून अहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झाल्यावर बसायला जागा म्हणून लोक कुणाचं तरी घर शोधतात, त्यात तुमची गच्ची इतकी वर्षं ठरलेली. ह्यावेळी आधीच, दोन-तीन दिवस आधी, मित्रांच्या बायकांना तू फोन कर, आणि जवळचा जो एक मित्र असेल त्याला ते स्वतः सांगू देत, "घरात आता काही नाही, आणायची पण नाही, खायला या." जो खरंच मित्र आहे तो येईल. जो येणार नाही त्याच्यासाठी तुम्ही आजवर बर्फ काढत होतात एवढंच. भजी, ठंडाई (भांगेशिवायची, ते पण बघून घे, बाहेरून आणलीस तर विचार), दहीवडे भरपूर कर, लोकांचे हात आणि तोंड कामात राहिले पाहिजेत. आणि कुणी खिशातून काढलीच तर तुझे मिस्टर उठून खाली येतील आणि तू वर जाऊन बोलशील, हे दोघांनी आधी ठरवून ठेवा, त्या वेळी डोळ्यांनी खुणा करत बसायला लागू नये.

ओतून झालं की मला दोन ओळी लिही, आणि झोप लागली का तेही लिही.